वाकलेले चाक : दुरुस्त करावे की बदलावे?

मोटारगाडी ही एके काळी मूठभर श्रीमंतांची मिरवण्याची वस्तू होती. आज ती आपल्या अनेक सभासदांच्या घरची चूल पेटती ठेवणारे साधन झाली आहे. कोणी टॅक्सी चालवितो, कोणी शाळेच्या मुलांची ने-आण करतो, कोणी मालकाची गाडी घेऊन मुंबई-पुणे किंवा मुंबई-कोकण अशा फेऱ्या करतो. कोणी हप्त्याने घेतलेल्या छोट्या गाडीतून सणासुदीला कुटुंबाला गावी नेतो. आपले काही विद्यार्थी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेत आहेत. तेही उद्या गॅरेजात उभे राहतील आणि लोक त्यांच्या शब्दावर विसंबून गाडी रस्त्यावर काढतील. या सर्वांच्या उपयोगी पडेल असा एक साधा, पण दुर्लक्षित विषय आम्ही येथे घेतला आहे.

पावसाळा सुरू झाला की रस्त्यांवर खड्डे पडतात, खड्ड्यांत पाणी साचते आणि पाण्याखाली खड्डा किती खोल आहे ते दिसत नाही. गाडी दणकन आदळते. पुढे काही दिवसांनी स्टिअरिंग थरथरू लागते, नाहीतर रोज सकाळी एका टायरमधील हवा कमी झालेली आढळते. गॅरेजात गेल्यावर चाक वाकल्याचे कळते. तेथे दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक मिस्त्री म्हणतो, "दोन हातोडे मारतो, सरळ होईल." दुसरा म्हणतो, "दुरुस्ती नकोच, नवीन टाका." पहिल्या सल्ल्यात पैसा वाचतो आणि दुसऱ्यात काळजी मिटते. परंतु चाक नीट न तपासता दिलेले हे दोन्ही सल्ले सारखेच आंधळे होत. आमचे म्हणणे एवढेच आहे की, किंमत हा दुसरा प्रश्न आहे. चाक कोणत्या धातूचे आहे, ते नेमके कोठे वाकले आहे आणि त्यास चीर गेली आहे काय, हा पहिला प्रश्न आहे.

चाकाची रचना

सामान्य बोलण्यात आपण टायरसकट सगळ्यालाच चाक म्हणतो. या लेखात चाक म्हणजे टायरच्या आतील धातूचा भाग, ज्याला गॅरेजात रिम किंवा डिस्क म्हणतात. त्याचे मुख्य दोन भाग असतात. ज्या गोल कड्यावर टायर बसतो ती रिम आणि मध्यभागी हबवर नटांनी आवळली जाते ती डिस्क. रिमच्या दोन्ही टोकांना उभी कड असते. टायरची जाड किनार या कडेला आतून टेकून बसते. ट्यूबलेस टायरमध्ये हवा कोंडून धरण्याचे काम हीच बैठक करते. म्हणून कड वाकली की तेथून हवा झिरपू लागते.

चाके मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार स्टीलच्या चाकांचा. यात पत्र्याला गोल आकार देऊन रिम करतात, डिस्क दाबयंत्रावर घडवितात आणि दोन्ही भाग वेल्डिंगने जोडतात. दुसरा प्रकार अलॉय चाकांचा. बहुतेक अलॉय चाके ओतीव असतात. अ‍ॅल्युमिनियममध्ये साधारण सात टक्के सिलिकॉन व अल्पसा मॅग्नेशियम मिसळून ती ओततात. नंतर त्यांना सुमारे ५४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाण्यात थंड करतात आणि पुन्हा दीडशे-पावणेदोनशे अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. या उष्णतेच्या संस्कारातूनच अलॉय चाकाला त्याची मजबुती मिळते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे दुरुस्तीचा विचार करताना तिचा संबंध येणार आहे.

चाक वाकते कसे?

टायर म्हणजे हवेची उशी. खड्ड्याच्या धारदार काठावर चाक आदळले की ही उशी दबते. ती पुरती दबली तर खड्ड्याचा काठ व रिमची कड यांच्यामध्ये केवळ रबराचा थर उरतो आणि दणका थेट धातूला बसतो. टायरमध्ये हवा कमी असेल, गाडीत माणसे व सामान जास्त असेल किंवा वेग अधिक असेल तर हे सहज घडते.

टायरच्या मापाचाही येथे संबंध आहे. टायरवर १६५/८० आर १४ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ टायरची रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर आणि रिमचा व्यास १४ इंच. आता १९५/५५ आर १६ हा टायर घ्या. त्याच्या भिंतीची उंची होते सुमारे १०७ मिलिमीटर. म्हणजे उशी अडीच सेंटिमीटरने पातळ झाली. हौसेने मोठी चाके व बसके टायर बसविणाऱ्या तरुणांनी हा हिशोब करून पाहावा. गाडी रुबाबदार दिसते हे खरे, पण तोच खड्डा आता रिमच्या अधिक जवळ आलेला असतो.

वाकलेले चाक ओळखावे कसे?

बहुधा चाकाची आतली, म्हणजे गाडीच्या पोटाकडील कड वाकते. बाहेरून पाहणाऱ्यास चाक चकचकीत व निर्दोष दिसते. यास्तव बाहेरून नजर टाकून निर्णय देऊ नये. पुढील लक्षणे आढळल्यास चाक उतरवूनच पाहावे.

१) ताशी ७० ते ९० किलोमीटर वेगाच्या आसपास स्टिअरिंग थरथरते. मागचे चाक दोषी असेल तर थरथर स्टिअरिंगपेक्षा आसनात अधिक जाणवते.

२) पंक्चर नसताना एकाच टायरमधील हवा वारंवार कमी होते. टायर व रिम जेथे मिळतात तेथे साबणाचे पाणी लावल्यास बुडबुडे दिसतात.

३) टायर एका बाजूने किंवा टप्प्याटप्प्याने झिजतो.

ब्रेक दाबल्यावरच थरथर होत असेल तर दोष बहुधा ब्रेकच्या डिस्कमध्ये असतो, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. तसेच बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉड यांच्या ढिलाईनेही गाडी वॉबलिंग करते. म्हणून या सांध्यांची तपासणी आधी करावी.

महागडे यंत्र नसले तरी चाक तपासण्याची एक सोपी रीत आहे. गाडी सपाट जागी उभी करून बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. तपासावयाचे चाक जॅकने उचलावे आणि केवळ जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड किंवा भक्कम ठोकळा द्यावा. चाक मोकळे फिरेल अशा बेताने गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. मागचे चाक असेल तर हँडब्रेकही सोडावा लागेल, म्हणून दगड लावण्यात हयगय नको. मग विटांवर एक जाड खिळा किंवा तार घट्ट बसवून तिचे टोक रिमच्या कडेच्या अगदी जवळ आणावे आणि चाक हाताने सावकाश फिरवावे. टोक व कड यांमधील फट कोठे वाढते, कोठे कमी होते ते पाहावे. मोजमाप रिमवर घ्यावे, टायरवर नव्हे, कारण टायर स्वतःच वेडावाकडा असू शकतो. एकदा टोक कडेच्या बाजूला धरून चाक डावीकडे-उजवीकडे डुलते का ते पाहावे आणि एकदा कडेच्या वर धरून ते वर-खाली उडते का ते पाहावे. आतल्या कडेलाही हीच तपासणी करावी.

फट मोजण्यास फीलर गेज नसेल तर हॅक्सॉचे पाते वापरता येते. नेहमीच्या पात्याची जाडी पाठीच्या बाजूने सुमारे ०.६५ मिलिमीटर असते. कमीत कमी फटीत एक पाते आणि जास्तीत जास्त फटीत तीन पाती बसली, तर फरक झाला सुमारे १.३ मिलिमीटर. साधारणपणे स्टीलच्या चाकाला एक मिलिमीटरच्या आसपास फरक चालतो, अलॉय चाकाला त्याहून कमी. नेमका आकडा प्रत्येक गाडीच्या सेवा-पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा. कारखान्यात हे काम डायल गेजने अधिक अचूक होते.

बॅलन्सिंग म्हणजे दुरुस्ती नव्हे

आपल्याकडील सर्वांत मोठा गैरसमज येथे आहे. गाडी थरथरते म्हणून चालक बॅलन्सिंग करून घेतो. यंत्रावर शून्य आकडा येतो आणि "चाक ठीक झाले" असे समजून तो निघून जातो. वजनाचा समतोल आणि आकाराचा गोलपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॅलन्सिंगमध्ये शिशाची किंवा अन्य धातूची छोटी वजने लावून चाकाचा जड भाग तोलून धरतात. त्याने वाकलेली कड सरळ होत नाही, चीर बुजत नाही आणि हवेची गळती थांबत नाही. एखाद्या चाकाला नेहमीपेक्षा फारच जास्त वजन लावावे लागत असेल तर समाधान न मानता चाक व टायर दोन्ही तपासावीत.

समतोल मात्र महत्त्वाचा आहे, हे एका हिशोबाने पटेल. वर सांगितलेल्या १४ इंची चाकाचा टायरसह घेर सुमारे १.९५ मीटर भरतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला ते एका सेकंदात १४ हून अधिक फेरे घेते. अशा वेळी रिमच्या कडेला केवळ २० ग्रॅम वजन जास्त असेल तर ते चाकाला जवळजवळ तीन किलो वजनाइतक्या ओढीने बाहेर खेचते, आणि ही ओढ प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलते. वेग निम्मा केला तर ओढ एक चतुर्थांश होते. म्हणून गावात शहाण्यासारखी चालणारी गाडी द्रुतगती मार्गावर गेली की हादरू लागते.

धातूचा स्वभाव

एखादी तार हातात घेऊन एकदा वाकवा. ती वाकते. सरळ करा, ती सरळ होते. त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकविली तर ती तुटते. प्रत्येक वेळी त्या जागेची वाकण्याची शक्ती थोडी थोडी खर्च होत असते. चाकाचेही तसेच आहे. सरळ झालेले चाक दिसावयास पूर्ववत असले तरी धातूच्या दृष्टीने ते पहिल्यासारखे राहिलेले नसते.

स्टील आणि ओतीव अ‍ॅल्युमिनियम यांच्या स्वभावात मोठा फरक आहे. स्टील लवचिक आहे. ते तुटण्यापूर्वी बरेच वाकते, म्हणजे आधी सूचना देते. ओतीव अ‍ॅल्युमिनियम फार वाकू शकत नाही, त्याला चीर लवकर जाते. दुसरे असे की, ठरावीक मर्यादेच्या आतील ताण स्टील लाखो वेळा सोसू शकते. अ‍ॅल्युमिनियमला अशी ठळक मर्यादा नसते. ताण लहान असला तरी तो पुन्हा पुन्हा बसत राहिला की थकवा साचत जातो. मुंबई ते पुणे हे अंतर सुमारे १५० किलोमीटर आहे. एवढ्या प्रवासात ते १४ इंची चाक पाऊण लाखाहून अधिक फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात चाकाचा प्रत्येक भाग एकदा भाराखाली येतो. म्हणजे चीर असेल तर ती एकाच फेरीत पाऊण लाख वेळा उघडते व मिटते. केसाएवढी चीर आज आहे म्हणून उद्याही ती केसाएवढीच राहील, असे समजणे धोक्याचे आहे.

उष्णतेबाबतही सावध राहावे. लोखंड तापले की लाल होते आणि लोहाराला अंदाज येतो. अ‍ॅल्युमिनियम लाल न होता एकाएकी मऊ पडते व वितळते. गॅसच्या ज्योतीने अलॉय चाक तापवून ठोकले तर कारखान्यात दिलेला उष्णतेचा संस्कार त्या जागी नाहीसा होतो. चाक गोल होते, पण तेथे ते कच्चे राहते. वरून रंग मारला की गिऱ्हाइकाला काही दिसत नाही. याच कारणास्तव अनेक वाहन-उत्पादक अलॉय चाक तापविणे, वेल्ड करणे किंवा ठोकून सरळ करणे मान्य करीत नाहीत.

चीर शोधण्याची जुनी रीत

चीर नेहमी डोळ्यांना दिसत नाही. चाक धुऊन, चिखल व ग्रीस काढून, कोरडे करावे. संशयित जागी रॉकेल लावून काही मिनिटे थांबावे, मग कापडाने स्वच्छ पुसून वर खडूची भुकटी पसरावी. चीर असल्यास तिच्यात शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्या भुकटीवर ओली रेघ उमटते. तेल आणि खडूची ही रीत रेल्वेच्या कारखान्यांत पूर्वीपासून वापरली गेलेली आहे. आता यासाठी लाल रंग व पांढरा फवारा बाजारात मिळतो आणि तो अधिक चांगला. वाकलेल्या कडेच्या दोन्ही अंगांना, नट-भोकांभोवती, रिम व डिस्कच्या जोडावर आणि अलॉय चाकाचे आरे जेथे रिमला मिळतात तेथे ही तपासणी अवश्य करावी.

निर्णय कसा घ्यावा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आमच्या मते पुढील परिस्थितीत चाक दुरुस्त करण्यास हरकत नाही.

१) चाक स्टीलचे आहे, फक्त कड थोड्या भागात वाकली आहे, चीर नाही, गंजाने पत्रा खाल्लेला नाही आणि तीच जागा पूर्वी कधी सरळ केलेली नाही.

२) अलॉय चाकावर केवळ ओरखडे आहेत किंवा फुटपाथला घासून वरचा रंग गेला आहे. हा शोभेचा प्रश्न आहे, बळाचा नव्हे.

३) अलॉय चाकाची आतली कड अगदी किंचित वाकली आहे, चीर नाही, आणि ज्योत न वापरता दाबयंत्राने काम करून नंतर चीर व गोलपणा दोन्ही तपासून देणारा जाणकार कारागीर उपलब्ध आहे. गाडीच्या उत्पादकाने मनाई केलेली असेल तर मात्र येथेही चाक बदलावेच.

पुढील परिस्थितीत चाक बदलावे. येथे घासाघीस करू नये.

१) कोणत्याही चाकाला, कोठेही, कितीही बारीक चीर गेली आहे.

२) वाक रिमच्या कडेपुरता नसून डिस्कपर्यंत, आऱ्यांपर्यंत किंवा हबच्या बैठकीपर्यंत पोहोचला आहे.

३) नट-भोके लांबट झाली आहेत. नट ढिले राहून गाडी चालली की असे होते.

४) अलॉय चाकाचा तुकडा उडाला आहे, किंवा त्यावर पूर्वी वेल्डिंग केल्याच्या खुणा आहेत.

५) दुरुस्त केलेले चाक त्याच जागी पुन्हा वाकले आहे.

६) दुरुस्तीनंतरही गोलपणा पुस्तिकेतील मर्यादेत येत नाही, किंवा हवा झिरपतच राहते.

चाकासोबत टायरही पाहावा. टायरच्या भिंतीवर टेंगूळ आले असेल तर आतील दोरे तुटलेले असतात. असा टायर कोणत्याही उपायाने बरा होत नाही, तो काढूनच टाकावा. ज्या दणक्याने चाक वाकते त्याच दणक्याने सस्पेन्शनचा दांडा किंवा टाय रॉडही वाकलेला असू शकतो. म्हणून चाक दुरुस्त केले वा बदलले, तरी अलाइनमेंट तपासून घ्यावे.

दुरुस्ती करताना घ्यावयाची काळजी

आपल्या विद्यार्थ्यांना आम्ही येथे कळकळीने सांगू इच्छितो की, टायर बसविलेल्या चाकावर कधीही ज्योत लावू नये व वेल्डिंग करू नये. हवा काढून टाकली असली तरीही करू नये. उष्णतेने आतील रबरातून ज्वालाग्राही वायू सुटतात आणि टायर बाँबसारखा फुटतो. जवळ उभ्या असलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. उस्तादाने सांगितले, गिऱ्हाइकाला घाई आहे, ही कारणे येथे चालणार नाहीत. आधी व्हॉल्व्हची सुई काढून सर्व हवा सोडावी, टायर पूर्ण उतरवावा आणि मगच चाक हाती घ्यावे. हवा भरलेल्या टायरवर रिमची कड हातोड्याने ठोकणेही असेच धोक्याचे आहे.

स्टीलचे चाक सरळ करण्यास दाबयंत्र किंवा रोलरचे यंत्र उत्तम. काम झाल्यावर टायरची बैठक तारेच्या ब्रशने स्वच्छ करावी, गंजरोधक रंग द्यावा, टायर चढवून हवा भरावी व साबणाच्या पाण्याने गळती पाहावी. शेवटी बॅलन्सिंग करावे. चाक बसविताना नट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळावेत, पुस्तिकेत दिलेल्या बळानेच आवळावेत, आणि ५० ते १०० किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा एकदा तपासावेत. पान्याला लांब पाइप लावून जोर काढणे ही मर्दुमकी नव्हे. त्याने बोल्ट ताणले जातात.

खर्चाचा हिशोब

वरील कसोटीवर चाक दुरुस्तीस योग्य ठरले तरच खर्चाचा विचार करावा. टायर उतरविणे-चढविणे, बॅलन्सिंग व अलाइनमेंट हा खर्च दोन्ही बाजूंना सारखाच येतो. म्हणून तो वजा करून केवळ सरळ करण्याची मजुरी व नव्या चाकाची किंमत यांची तुलना करावी. आमचा साधा ठोकताळा असा की, मजुरी नव्या चाकाच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होत असेल तर नवे घ्यावे. भाड्याने गाडी चालविणाऱ्याने गाडी किती दिवस उभी राहील आणि तेवढ्या दिवसांचा किती धंदा बुडेल, हेही हिशोबात धरावे. ज्याच्या गाडीला मुळात अलॉय व स्टील अशी दोन्ही चाके उत्पादकाने दिलेली आहेत आणि ज्याची फिरती खराब रस्त्यांवर आहे, त्याने स्टीलची चाके वापरणे शहाणपणाचे.

विम्याचीही माहिती असावी. केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल तर स्वतःच्या चाकाचे काहीच मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यातही प्रचलित अटींनुसार केवळ टायरचे नुकसान भरून मिळत नाही. त्याच वेळी गाडीचेही नुकसान झाले असेल तरच टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत रक्कम मिळते. खासगी मोटारीला १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये व त्यापुढे २,००० रुपये स्वतः सोसावे लागतात. शिवाय दावा केला की, दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट जाते. ही सूट पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते व पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत वाढते. एका स्टीलच्या चाकासाठी ही सूट गमावणे बहुधा परवडत नाही. दोन-तीन अलॉय चाके व सस्पेन्शन यांचे एकदम नुकसान झाले असेल तर मात्र दाव्याचा विचार करावा, आणि त्यासाठी चाके उतरविण्यापूर्वीच विमा कंपनीस कळवावे.

नवे चाक घेताना ते नुसते बसते एवढे पाहून चालत नाही. व्यास व रुंदी, नट-भोकांची संख्या व त्यांच्या वर्तुळाचे माप, मधल्या भोकाचे माप, चाक आत-बाहेर किती बसते ते अंतर आणि भार सोसण्याची क्षमता ही सर्व मूळ चाकाशी जुळली पाहिजेत. चांगल्या चाकाची कारखान्यात वळणाचा ताण, उभा भार व आघात अशा चाचण्यांतून परीक्षा झालेली असते. यास्तव आयएसआय चिन्ह पाहून व पक्के बिल घेऊनच खरेदी करावी. भंगारबाजारातून रंगविलेले स्वस्त चाक आणणे म्हणजे दुसऱ्याचे दुखणे विकत घेणे होय.

चालक, मालक आणि मिस्त्री

आपले अनेक सभासद दुसऱ्याच्या मालकीची गाडी चालवितात, हे आम्ही जाणतो. चाकाला चीर आहे असे सांगितले तर मालक म्हणतो, "ही एक फेरी मारून ये, मग बघू." नोकरी जाण्याची भीती असते आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते. अशा वेळी वाद न घालता एक मार्ग आहे. सदोष चाक उतरवून स्टेपनी लावावी आणि मिस्त्रीकडून बिलावरच "चाकास चीर, बदलणे आवश्यक" असे लिहून घ्यावे. तोंडी शब्द हवेत विरतो, कागद मात्र मालकालाही विचार करावयास लावतो. म्हणूनच स्टेपनीत नेहमी हवा भरलेली असावी. स्टेपनी हा आपल्या जिभेवर रुळलेला शब्द वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. तेथे १९०४ साली मोटारीच्या जादा चाकाचा शोध लागला. शंभरहून अधिक वर्षांचा हा सोबती ऐन वेळी रिकामा निघाला तर त्याचा दोष आपलाच. स्टेपनी मूळ चाकापेक्षा लहान मापाची असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळावी.

मिस्त्रीची जबाबदारी तर याहून मोठी. गाडीत बसलेल्या प्रवाशाला चाकाची आतली कड कधीच दिसत नाही. शाळेच्या गाडीत बसणाऱ्या मुलाला तर चाकाला चीर जाते हेही ठाऊक नसते. त्यांच्या वतीने पाहणारा गॅरेजातील एकच माणूस असतो. गिऱ्हाईक चार पैसे वाचवा म्हणून गळ घालील, शेजारचा गॅरेजवाला तेच काम निम्म्या पैशांत करून देईल, तरीही "हे चाक मी करणार नाही" असे म्हणता आले पाहिजे. हातातील कलेइतकाच हा नकारही मिस्त्रीच्या धंद्याचा भाग आहे. असा नकार देणाऱ्याकडे गिऱ्हाईक आज रागावून जाईल, पण पुढच्या वेळी खात्रीचा शब्द हवा असेल तेव्हा त्याच्याकडेच परत येईल.

शेवटची एक गोष्ट. बाद झालेल्या चाकाचे काय करावे? पुष्कळदा ते भंगारात अखंड विकले जाते. तेथून ते रंग लावून पुन्हा बाजारात येते आणि आपल्याच एखाद्या गरीब बांधवाच्या गाडीला लागते. आपण संकटातून सुटलो, पण ते दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवले, असा त्याचा अर्थ होतो. सबब बाद चाकाची कड गॅरेजातच करवतीने दोन ठिकाणी कापून घ्यावी आणि मगच ते भंगारात द्यावे. धातूची किंमत वजनावर मिळते. कापल्याने वजन कमी होत नाही.

थोडक्यात सांगावयाचे तर, चाक उतरवून आतून-बाहेरून पाहावे, चीर शोधावी, गोलपणा मोजावा आणि मगच पैशाचा हिशोब मांडावा. स्टीलचा किरकोळ वाक सरळ करावा. चिरलेले चाक, मग ते कोणत्याही धातूचे असो, बदलावे. सभासदांनी येत्या पावसाळ्यापूर्वी एकदा आपल्या गाडीची चारही चाके व स्टेपनी या रीतीने तपासून घेतली आणि विद्यार्थ्यांनी टायरसकट चाकाला ज्योत न लावण्याचा नियम आयुष्यभर पाळला, तर हा लेख लिहिण्याचा आमचा हेतू सफल झाला असे आम्ही समजू.